उंदरीण, लिंबाएवढी गाठ आणि नऊ हजार : करू की नको?

विक्रोळीची_रातराणी | १४ जुलै, पहाटे ३:४०

सगळ्यात आधी : हो, उंदीर. पाळलेला. ज्यांना किळस येते त्यांनी इथूनच मागे फिरावं, मी रागावणार नाही. माझी सख्खी मामी माझ्या घरी पाणीसुद्धा पीत नाही.

कन्नमवार नगरात धाकट्या भावासोबत राहते. नोकरी रात्रपाळीची, कंपनीची गाडी दोन-अडीचला बिल्डिंगखाली सोडते. त्या वेळी माझी वाट बघत जागं असतं ते जिरी आणि मोहरीच. एका मैत्रिणीने "दोन बहिणी" पाळल्या होत्या, त्यातली एक भाऊ निघाली आणि अकरा पिल्लं झाली. त्या अकरातल्या या दोघी. मोहरी पांढरी, डोक्याला काळी कुंची घातल्यासारखी, पाठीवरून शेपटीपर्यंत काळी रेघ. जिरीची कुंची फिकट तपकिरी. दोघींचं वय वीस महिने. उंदीर जगतो दोन, फार तर तीन वर्षं, म्हणजे दोघी पेन्शनीतच निघालेल्या आहेत.

मे महिन्याच्या शेवटी मोहरीच्या डाव्या काखेत हरभऱ्याएवढं काहीतरी हाताला लागलं. पंधरा दिवसांत त्याची सुपारी झाली. आता लिंबू. (कागदी लिंबू, ईडलिंबू नव्हे. पण तिच्या अंगाच्या मानाने ईडलिंबूच.) गाठ कातडीखाली हलते, दाबली तरी ती ओरडत नाही. खाणंपिणं व्यवस्थित. पण पिंजऱ्याच्या वरच्या मजल्यावर चढताना डावा हात गाठीवरून घसरतो. मग ती तिथेच थांबते, खाली बघते, आणि पुन्हा चढायला लागते. हे रोज रात्री बघते आणि त्यापायीच हा धागा काढतेय.

पहिल्या दवाखान्यात (नाव सांगणार नाही) डॉक्टरांनी डब्याचं झाकणही उघडलं नाही. "दुसरा घ्या ना, हे जगतंच किती!" दुसऱ्या डॉक्टर पश्चिम उपनगरात आहेत, ससे-कासवं-पोपट बघतात. त्यांनी चांगलं अर्धा तास तपासलं. स्तनाची गाठ आहे म्हणाल्या. म्हाताऱ्या उंदरिणींना ती सर्रास होते. बहुतेक वेळा साधी असते, कॅन्सरची नसते, पण वाढायची थांबत नाही. काढता येईल, गॅसची भूल देऊन. धोके दोन : वय आणि छातीतली किंचित घरघर. आणि काढली तरी उद्या दुसरीकडे उगवू शकते, कारण उंदरिणीला सहा जोड्या स्तनाग्रं, आणि आतली ग्रंथी मानेपासून जांघेपर्यंत पसरलेली. एक्सरे, भूल, ऑपरेशन, औषधं धरून नऊ हजार.

नऊ हजार माझ्याकडे आहेत. पण भाऊ परवा जेवताना म्हणाला, "आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन दोन वर्षं ढकलतोय आपण, आणि उंदराला एका आठवड्यात तारीख?" आई चिपळूणला असते. तिचा गुडघा पैशांवाचून अडलेला नाही, ती मुंबईला यायलाच तयार नाही म्हणून अडलाय. हे त्यालाही माहीत आहे. तरी ते वाक्य घासाबरोबर घशात अडकलं ते अडकलंच.

ज्यांनी असलं काही केलंय, किंवा ठरवून केलं नाही, त्यांनी लिहा. "मनाला विचार" एवढं मात्र सांगू नका. मनाला तीन आठवडे विचारतेय, ते तोंड उघडत नाही.

---

खडूस_पार्लेकर | १४ जुलै, सकाळी ८:०५

आमची सोसायटी उंदीर मारायला पेस्ट कंट्रोलवाल्याला पैसे देते आणि तुम्ही उंदीर जगवायला डॉक्टरला. देशाची अर्थव्यवस्था अशीच फिरते म्हणायची. १८९६ साली मांडवीत प्लेग निघाला आणि अर्धी मुंबई गावाला पळाली, ती या तुमच्या जिरी-मोहरीच्या आजोबांमुळे. बाकी चालू द्या.

---

भातुकली | १४ जुलै, सकाळी ८:५०

पार्लेकर, धागा उंदरांचा आहे, तुम्ही कशाला बिळातून बाहेर आलात?

रातराणी, मला यातलं काहीच कळत नाही, पण वाचतेय.

---

प्राणीगृहातला_बाब्या | १४ जुलै, दुपारी १:३०

औषध कंपनीच्या प्राणीगृहात बारा वर्षं काढली आहेत. उंदीर आणि मी एकाच पगारावर होतो असं बायको म्हणायची. म्हणून जरा लांबण लावतो.

आधी पार्लेकरांचा हिशेब चुकता करू. प्लेगचा मुख्य वाहक घरात राहणारा काळा उंदीर, रॅटस रॅटस. (खरं तर वाहक त्याच्या अंगावरची पिसू.) पाळतात तो तपकिरी उंदराचा वंशज, रॅटस नॉर्वेजिकस. मोहरीचे आजोबा त्या खटल्यात आरोपी नाहीत. आणि तुमच्या गटाराशी दिसते ती बहुधा घूस, ती तिसरीच.

आता मुद्दा. डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबर आहे. म्हाताऱ्या माद्यांमधल्या या गाठी बहुतांशी साध्या असतात, शेजारच्या भागात मुळं न रोवता नुसत्या फुगत जातात. अशी हलती गाठ सोडवून काढणं त्यामानाने सोपं. पण शरीर केवढं ते लक्षात घ्या. तीनशे ग्रॅमच्या उंदराच्या अंगात सगळं मिळून अठरा-वीस मिलिलिटर रक्त. चहाचा एक चमचा रक्त सांडलं म्हणजे पाव रक्त गेलं. गाठ जितकी मोठी, तितक्या तिला रक्त पुरवणाऱ्या नळ्या जाड. तेव्हा करायचं असेल तर लिंबाचं मोसंबं व्हायची वाट बघू नका, आणि करायचं नसेल तर नाही म्हणून मोकळ्या व्हा. "बघू पुढच्या महिन्यात" हा तिन्हींतला सर्वांत वाईट पर्याय.

भुलीच्या आधी उपाशी ठेवू नका. माणसाला, कुत्र्याला उपाशी ठेवतात ते उलटी फुप्फुसात जाऊ नये म्हणून. उंदराला उलटी करताच येत नाही. उलट एवढासा जीव रात्रभर उपाशी राहिला तर साखर उतरते. हे डॉक्टरांना ठाऊक असेलच, पण रिसेप्शनवरची मुलगी कुत्र्यासाठीचा छापील कागद तुमच्या हातात ठेवेल.

ऑपरेशननंतर मारणारी गोष्ट बहुतेक वेळा सुरी नसते, थंडी असते. लहान अंग, केस भादरलेले, वर टेबल गार.

घरघरीचं म्हणाल तर मायकोप्लाझ्मा हा जंतू जवळजवळ सगळ्याच पाळीव उंदरांच्या छातीत मुक्कामाला असतो. भुलीआधी काही दिवस अँटिबायोटिक द्यायचं का ते विचारा.

आता एक प्रश्न, त्याचं उत्तर नीट बघून द्या. मोहरी शेंगदाणा दोन्ही हातांत धरून खाते का? म्हाताऱ्या माद्यांना मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथीची गाठही होते. मग पुढचे पाय कडक होतात, हातात धरलेलं सुटतं, चालताना एका बाजूला गोल फिरतात. तसं असेल तर काखेतली गाठ काढून काही साधणार नाही. भूल द्यायचीच नाही.

---

विक्रोळीची_रातराणी | १५ जुलै, पहाटे ३:०५

आत्ता बघितलं. भाजलेला शेंगदाणा दिला. दोन्ही हातांत धरला, गोल गोल फिरवत साल सोललं, साल माझ्याच मांडीवर टाकलं आणि खाल्ला. जिरी तिच्याकडून ओढायला आली तर तिला पाठ करून बसली. हात ठीक आहेत. बाब्यादादा, आभार.

बीजकोशही त्याच वेळी काढून टाकावेत का? म्हणजे पुढच्या गाठी टळतील, असं कुठेतरी वाचलं.

---

प्राणीगृहातला_बाब्या | १५ जुलै, सकाळी ७:१५

लहानपणी काढले असते तर पुढच्या गाठींची शक्यता बरीच कमी झाली असती. विसाव्या महिन्यात पोट उघडायचं म्हणजे धोका दुप्पट, आणि फायदा उरलासुरला. मी करणार नाही. पण हे तुमच्या डॉक्टरांच्या तोंडून ऐका.

---

सदा_गिरणगाव | १५ जुलै, रात्री १०:४०

लिहू की नको करत होतो.

माझे वडील महापालिकेत होते, रात्रपाळीचे मूषक संहारक. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी. रात्रीत ३० उंदीर मारायचेच, सकाळी मोजून द्यायचे, कमी पडले तर बोलणी खायची. आमच्या तिघा भावंडांच्या शाळेच्या फिया त्यातून गेल्या, तेव्हा मला त्या कामाची लाज नाही. पावसाळ्यात लेप्टोने, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाने, माणसं मरतात हेही याच शहरात पाहिलंय.

बाबा रिटायर झाले त्यावर्षी आमच्या चाळीच्या जिन्याखाली उंदराचं एक पिल्लू सापडलं, डोळेही न उघडलेलं. बाबांनी ते उचललं, बघितलं आणि परत ठेवलं. मी म्हटलं, मारा की. तर म्हणाले, "ड्युटीवर नाहीये मी."

याचा तुमच्या ऑपरेशनशी काय संबंध ते मलाही नक्की सांगता येणार नाही. पार्लेकरांना वाटतं तसं एकच माप सगळ्या उंदरांना नसतं, एवढंच म्हणायचं असेल.

परळला बैलघोड्यात, म्हणजे जनावरांच्या त्या जुन्या हॉस्पिटलात, विचारून बघितलंत का? आम्ही लहानपणी जखमी घारीपासून मांजरापर्यंत सगळं तिथेच नेलंय. १८८६ पासूनचं गुरांच्या डॉक्टरांचं कॉलेजही तिथेच आहे.

---

ओलं_खोबरं | १६ जुलै, दुपारी १२:१५

माझी गोष्ट वाईट आहे. तरी वाचा.

माझा उंदीर, नाव बंड्या, बावीस महिन्यांचा. पोटाजवळ गाठ होती. ऑपरेशन उत्तम झालं, शुद्धीवर आला, हलला, मी रडले, पैसे भरले. संध्याकाळी सहाला दवाखाना बंद व्हायचा होता, त्यांनीही घाई केली आणि मीही. मे महिना होता म्हणून एसी टॅक्सी केली. अंधेरी ते मुलुंड, दीड तास. घरी येऊन डबा उघडला तर तो गार पडलेला. वाटेतच कधीतरी गेला. मी मांडीवर डबा घेऊन मोबाईल बघत होते.

म्हणून सांगते. (१) सकाळची पहिली वेळ घ्या. (२) तिने दवाखान्यातच काहीतरी खाल्ल्याशिवाय हलू नका, कोणी कितीही दिवे बंद करो. (३) एसी नको. गरम पाण्याची पिशवी चादरीत गुंडाळून डब्याच्या अर्ध्याच भागाखाली ठेवा, म्हणजे जास्त गरम झालं तर तिला सरकता येईल.

"ऑपरेशन केलं याचा पश्चात्ताप होतो का?" असं मला विचारतात. ऑपरेशनचा नाही होत. टॅक्सीचा होतो.

---

भातुकली | १६ जुलै, दुपारी १२:४०

खोबरं 😞

---

चहाची_किटली | १६ जुलै, संध्याकाळी ६:२०

मी नाही केलं. माझी दोन वर्षांची होती, छातीची घरघर खूप, डॉक्टरांनी भूल सोसणार नाही असं स्पष्ट सांगितलं. पुढचे दोन महिने ती मजेत होती, खरंच. पिंजरा एका मजल्याचा केला, पाण्याची बाटली खाली आणली. तिसऱ्या महिन्यात गाठ जमिनीला घासून फुटली. तिथून पुढे मात्र रोजची जखम, रोजचा वास. शेवटी इंजेक्शन देऊन झोपवलं. दहा दिवस आधी न्यायला हवं होतं. ते दहा दिवस मी तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी काढले.

न करणं हाही निर्णयच आहे, पण तो एकदा घेऊन भागत नाही. दर आठवड्याला नव्याने घ्यावा लागतो.

---

गोठेवाला_डॉक्टर | १७ जुलै, रात्री ११:५०

मी गुरांचा डॉक्टर, नगर जिल्ह्यात. उंदराला आजवर औषध दिलं नाही, मारायचं विचारायला मात्र लोक येतात. त्यामुळे तांत्रिक बाजू बाब्यांनी लिहिली तीच घ्या.

फक्त भावाच्या वाक्याबद्दल. आमच्याकडे शेतकरी विचारतो, "डॉक्टर, गाय किमतीला उतरेल का?" हा प्रश्न निर्दय नाही, त्याच्या घरचा हिशेब त्या गायीवर चालतो. तुमच्या उंदरिणीवर कुठलाच हिशेब चालत नाही. मग तो प्रश्न तुम्ही उसना का घेताय? नऊ हजारांनी तुमचं भाडं किंवा हप्ता अडत नसेल तर पैशाचा विषय तिथेच संपला. उरतो एकच : जनावर हे सोसेल का, आणि सोसल्यावर त्याला काय परत मिळेल. तुमच्या बाबतीत मिळणारी गोष्ट तुम्ही पहिल्याच पोस्टीत लिहिली आहे. वरचा मजला.

आईचा गुडघा हा स्वतंत्र धागा काढा. त्यावर इथे दोनशे प्रतिसाद येतील, निम्मे तेलाचे.

---

विक्रोळीची_रातराणी | १८ जुलै, पहाटे ४:१०

सगळं वाचलं. खोबरं, तुझं दोनदा वाचलं. किटली, "माझ्यासाठी काढले" हे वाक्य मी भावालाही वाचून दाखवलं.

काल आईला फोन केला. सगळं सांगितलं, भाऊ काय म्हणाला तेसुद्धा. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझा गुडघा तुझ्या उंदराला बांधू नकोस. माझं मी बघते. आणि त्याला सांग, एवढी काळजी आहे तर गणपतीत ये आणि मला उचलून ने." भाऊ समोरच होता, स्पीकर चालू होता. त्यानंतर विषय निघालेला नाही.

एक्सरे काढला. छातीत गाठ पसरल्याचं काही दिसलं नाही. अँटिबायोटिक सुरू केलंय, केळ्यात कालवून देते. पहिल्या दिवशी खाल्लं, दुसऱ्या दिवशी केळ्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघितलं. आता श्रीखंडाच्या ठिपक्यात देते.

डॉक्टरांनी विचारलं, काढल्यावर गाठ तपासायला पाठवायची का, त्याचे पैसे वेगळे. मी स्वतःला विचारलं, रिपोर्ट काहीही आला तरी पुढे मी काही वेगळं करणार आहे का? किमोबिमो तर देणार नाही. मग नको म्हटलं.

२२ तारखेला सकाळी नऊची वेळ घेतली आहे. पहिलीच.

---

खडूस_पार्लेकर | १८ जुलै, सकाळी ९:३०

श्रीखंड कुठलं? नाही, सहज विचारतोय.

---

विक्रोळीची_रातराणी | २३ जुलै, पहाटे ५:२०

आहे. जिवंत आहे. आता सविस्तर.

काल सकाळी साडेसातला रिक्षा केली, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने. पाऊस असा की रिक्षावाल्याने दोन्ही बाजूंचे पडदे सोडले आणि एका हाताने काच पुसत चालवत होता. डबा मांडीवर, खाली गरम पाण्याची पिशवी. पवईपर्यंतचे सगळे खड्डे मी मांड्यांनी झेलले. दवाखान्यात पोचेपर्यंत मोहरी झोपली होती आणि माझ्या पोटऱ्यांना गोळे आले होते.

बाब्यादादा, कागद खरंच दिला हो. "रात्री १० नंतर अन्न-पाणी नाही." डॉक्टरांनी स्वतः काट मारली.

पाऊण तास लागला. गाठ ३४ ग्रॅम भरली. मोहरीचं वजन आधी ३१२, नंतर २७६. ती गाठ त्यांनी स्टीलच्या ट्रेमध्ये दाखवली : गुळगुळीत, फिकट गुलाबी, पेढ्यासारखी. (हे लिहायला नको होतं. आता पेढा खाताना आठवणार.) टाके आतून विरघळणारे घातले, वरून कातडीला चिकटद्रव्य, कारण बाहेरचे टाके उंदीर रात्रीत कुरतडून काढतो. गळ्यात कॉलर घातली तर खाणंच सोडतात, म्हणून कॉलर नाही.

शुद्धीवर यायला वीस मिनिटं. मग डोळे उघडले, पण नुसतीच बसून राहिली. नाकाशी लाल दिसलं आणि माझे हातपाय गळाले. डॉक्टर म्हणाल्या, रक्त नाही, डोळ्यामागच्या ग्रंथीचा लाल स्राव आहे, ताण आला की येतो. तिने काही खाईपर्यंत हलणार नाही असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. बारा वाजले. एक वाजला. रिसेप्शनवरच्या मुलीने मला आपल्या डब्यातली अर्धी पोळी दिली. मी ती खात होते तर मोहरीचं नाक हललं. पोळीचा तुकडा पुढे धरला. घेतला. दोन्ही हातांत धरून.

रात्री माझी पाळी चुकवता येत नव्हती. भाऊ बसला. मी परत आले तेव्हा फ्रीजवर कागद होता :

"११:१० पाणी प्यायली. १२:०० गोळा होऊन बसली आहे, डोळे अर्धे मिटलेले, गाल चपटे, केस उभे. डॉक्टरला व्हॉट्सॲप केलं, दुखण्याचं औषध दिलं. १२:५० डोळे पूर्ण उघडे. १:३० वरण-भात. ३:१५ शी केली. मी झोपतो. मला उठवू नकोस."

---

प्राणीगृहातला_बाब्या | २३ जुलै, सकाळी ७:०५

भावाला नोकरी द्या कुणीतरी. त्याने लिहिलंय ना, डोळे मिटलेले, गाल चपटे, बरोबर हेच बघायचं असतं. उंदराचं दुखणं चेहऱ्यावरून मोजायची पट्टी २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली : डोळे, नाक-गाल, कान, मिशा. त्याआधी आम्ही "खातोय म्हणजे ठीक आहे" एवढ्यावर चालवायचो. आता आठवलं की बरं वाटत नाही.

जिरीला वेगळं ठेवलंय ना?

---

विक्रोळीची_रातराणी | २७ जुलै, पहाटे ३:३०

वेगळं ठेवलंय, जाळीला जाळी लावून. दोघी रात्रभर जाळीशी नाक लावून बसतात. दुसऱ्या रात्री मोहरीने वरचं चिकटद्रव्य खरवडलं आणि जखमेच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढी फट पडली. फोटो पाठवला. डॉक्टर म्हणाल्या, घाण नाही, वास नाही, सलाईनने पुसा आणि राहू द्या. राहू दिलं. दोन दिवसांत मिटली. त्या दोन दिवसांत मी ऑफिसात तीन वेळा चुकीच्या माणसाला मेल केली.

---

विक्रोळीची_रातराणी | ४ ऑगस्ट, पहाटे ३:१५

दोघींना एकत्र केलं. आधी जिरीने तिला उताणं पाडून डोक्यापासून शेपटीपर्यंत हुंगलं, जखमेच्या जागी थांबली, मग कान चाटायला लागली. मोहरी आत्ता वरच्या मजल्यावर आहे. न थांबता चढली.

---

गोठेवाला_डॉक्टर | ४ ऑगस्ट, सकाळी ६:३०

👍

---

खडूस_पार्लेकर | ४ ऑगस्ट, सकाळी ९:००

गणपतीत आमच्या सोसायटीच्या मूर्तीपुढचा उंदीर मीच रंगवतो दरवर्षी. यंदा काळी कुंची घालेन म्हणतो. कमिटी भांडली तर तुमचं नाव सांगणार.

---

नवी_झुळूक | ११ नोव्हेंबर, दुपारी ४:४५

धागा वर काढतेय, माफ करा. माझ्या उंदरिणीलाही अशीच गाठ आहे, मागच्या पायाजवळ, सुपारीएवढी. वय सतरा महिने. रातराणीताई, मोहरी कशी आहे? आणि तुम्ही पुन्हा केलं असतं का?

---

विक्रोळीची_रातराणी | १२ नोव्हेंबर, पहाटे ३:५०

खरं ते सांगते.

मोहरीला ऑपरेशननंतर तीन महिने अगदी छान मिळाले. वरचा मजला, पडद्यावर चढणं, भावाच्या टीशर्टला भोकं, सगळं. ऑक्टोबरच्या शेवटी उजव्या जांघेत दुसरी गाठ आली. मी लगेच डॉक्टरांची वेळ घेतली, पैसेही बाजूला काढले होते, या वेळी भाऊही काही बोलला नाही. दवाखान्यात जायच्या आदल्या रात्री तिला शेंगदाणा दिला. हातातून पडला. उचलला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तिने तो जमिनीवर ठेवूनच तोंडाने कुरतडला. आठवडाभर ती तसंच करत असणार, माझं लक्ष गाठीकडे होतं.

डॉक्टरांनी पुढचे पाय वाकवून बघितले, टेबलावर चालवून बघितली. डोकं किंचित डावीकडे झुकतंय. बाब्यादादाने जुलैत लिहिलं होतं तेच असावं म्हणाल्या. ऑपरेशन नाही. एक औषध सुरू केलंय, त्याने काही आठवडे बरे जातात कधीकधी. त्यानंतर काय करायचं ते ठरलंय. किटलीचे दहा दिवस लक्षात आहेत.

सध्या दाण्याचं कूट करून देते, थोड्या केळ्यात कालवून. ताटलीत तोंड घालून खाते आणि मिशांना कूट लागतं, ते जिरी चाटते. पिंजऱ्याचा वरचा मजला काढून टाकलाय.

पुन्हा केलं असतं का? जुलैतलं, हो. आत्ताचं, नाही.

झुळूक, सतरा महिने म्हणजे तुझ्याकडे वेळ आहे, पण फार नाही. आज किचनच्या काट्यावर वजन करून लिहून ठेव, दर रविवारी कर. गाठ हलते की खाली घट्ट चिकटली आहे ते बघ. श्वासाचा आवाज ऐक, कानाशी धरून. आणि डॉक्टरांकडे जायच्या आधी एक भाजलेला शेंगदाणा दे आणि ती कसा धरते ते बघ.

डॉक्टरांचा पत्ता व्यनि (खाजगी निरोप) केलाय. सकाळची पहिली वेळ माग.